अकरावीला अर्थशास्त्र: पाठांतरापलीकडे काय मिळतं?

कॉमर्सची आई: लेक अकरावीला आहे. अर्थशास्त्र म्हणजे नुसत्या व्याख्या, असं म्हणते. पुढे काही उपयोग होतो का?

निफाडकर मास्तर: होतो, पुस्तक मिटून शिकवलं तर! डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली, तेव्हा वर्गात वाद पेटला. शेतकऱ्यांची पोरं एकीकडे, नोकरदारांची दुसरीकडे. मी बाजू बदलून बोलायला लावलं. लासलगाव बाजारातले कांद्याचे रोजचे भाव वहीत उतरवायचे, आलेख काढायचा, मगच तोंड उघडायचं. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, ती बारावीच्या पुस्तकात भेटण्याआधीच कळली त्यांना.

कॉमर्सची आई: आणि मार्क?

निफाडकर मास्तर: ते पाठांतरानेही मिळतात हो.

चाळकरी: आमचा चिरंजीव निर्देशांक, म्हणजे भाव किती बदलले ते दाखवणारा आकडा, शिकल्यापासून किराण्याची जुनी बिलं काढून बसतो. महागाई वाढली म्हटलं की विचारतो, ‘बाबा, आधारवर्ष कोणतं? कोणत्या वर्षाशी तुलना करताय?’