मजूर खरंच संपले का कुठं दुसरीकडं गेले? (तासगाव भाग, सांगली जिल्हा)

द्राक्षवाला_तासगाव:
नमस्कार मंडळी, एक शंका हाय बऱ्याच दिवसांची. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की आमच्याकडं माणूस मिळंना, पेस्टला (छाटलेल्या काडीला डोळे फुटायचं औषध लावायला) मिळंना, पुढं विरळणी (घडातले जादा मणी काढणं) आणि डिपिंगला (घड औषधात बुडवायला) तर हातापाया पडायची वेळ. वडील सांगत्यात की 72 च्या दुष्काळात इथलीच माणसं खडी फोडायला रोजगार हमीवर जायची, एका कामामागं रांग. ती हमी योजना मांडणारे वि. स. पागे आमच्याच तालुक्यातले, विसापूरचे, आणि आज त्याच तालुक्यात मजूर दाखवा म्हणायची पाळी. पारावर सगळी म्हणत्यात लोकं आळशी झाली, फुकटचं रेशन. मला ते काय पटत नाय.

विटेकर:
आळस बिळस काय नाय ओ. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यानपिढ्या गलाईला बाहेर, सोनंचांदी आटवायला, केरळ तमिळनाडूपासनं पार वर पंजाबपर्यंत आमची पोरं सापडतील. रानात पाणी नव्हतं म्हणून गेली. आता टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं, रानं हिरवी झाली, पण गेलेली थोडीच परत येणार? आमचे चुलते पैसं पाठवत्यात, त्या पैशावर बाग लावली आणि बागेत काम करायला घरचं कोण नाय. पाणी आलं तसं काम वाढलं, हात वाढले नाहीत, एवढंच.

पाटणखोरं:
आमच्याकडनं तर नुसतं मुंबई. आजोबा गिरणीत, 82 चा संप झाला आणि घरी आले ते परत गेलेच नाहीत. बाप माथाडीत, म्हणजे बाजारात हमालीला. 1969 चा माथाडी कायदा झाला त्यामागं अण्णासाहेब पाटलांची चळवळ, ते आमच्याच पाटणचे, म्हणून सातारा-सांगलीची माणसं त्या बाजारात टिकली. आता मी शिरवळला कंपनीत कंत्राटावर. तीन पिढ्या, तीन कामं, आणि गावातलं भाताचं खाचर पैऱ्यानं (एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबून) लावायचे ते बंद, पैरा करायला समोरचा माणूसच नाय. (मला स्वतःला चिखलणी येत नाय, खोटं कशाला बोलू.)

जतवाली:
तुम्ही सगळे माणूस मिळंना म्हणताय, आमच्याकडं येऊन बघा की! जतच्या पूर्व भागातली कितीतरी गावं पाण्याची वर्षानुवर्ष वाट बघत बसलीत. दिवाळी झाली की नवराबायकोची जोडी कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर, मुकादमाची (टोळी नेणाऱ्याची) उचल, म्हणजे आगाऊ पैसं, आधीच खाऊन झालेली असती, ती फिटली नाय तर पुढच्या साली परत त्याच्याकडंच. म्हणजे तुम्हाला ऑक्टोबरात बाई पायजे आणि ती उचलीत अडकलेली. शिवाय ज्या बायका राहत्यात त्या पिकअप जिथवर येतो तिथवरच जाणार ना, सकाळी स्वयंपाक, पोरं, मग गाडी, संध्याकाळी परत. तासगावला माणूस नाय आणि जतला काम नाय असं एकाच जिल्ह्यात का, तर मधल्या त्या गाडीमुळं. भाडं कोण देतं तुमच्याकडं? बायकांच्या हजेरीतनं कापत असाल तर मग नाय येणार कोण.

विटेकर:
हे बरोबर बोलल्या ताई. आणि उसात माणूस कमी लागतो वर्षभर, तोडणीला बीडची टोळी येतीच, आता तर हार्वेस्टर पण फिरतंय, म्हणून पाणी आलं की निम्मी लोकं उसाकडं पळत्यात. बाग म्हणजे रोजचा तान्ह्या पोराचा जीव.

द्राक्षवाला_तासगाव:
ताई, भाडं निम्मं मी निम्मं त्या, असं होतं आजवर. औंदा पूर्ण मी देतो, पण उक्तं (सगळ्या कामाचा एकच ठरलेला पैसा) नको, रोजच्या हजेरीवर, कारण उक्त्यात विरळणी घाईत होती आणि घड खराब होत्यात. आणि भावाला म्हणतो सगळ्या गावानं एकाच आठवड्यात छाटणी धरू नका, आपण मागंपुढं करू. तुमच्याकडनं किती बायका येतील तेवढं सांगा, गाडी कुठल्या फाट्यावर लावू?