मदत हवी आहे: भावाला अग्निवीरचा फॉर्म भरायचाय, आई नाही म्हणते, १० एप्रिल २०२५ शेवटची तारीख

खाडीकाठची
नमस्कार. कोणीतरी पटकन सांगा प्लीज, आठच दिवस राहिलेत आणि फॉर्म सुटल्यापासून घरात रोज भांडण आहे. भावाला अग्निवीर व्हायचंय, म्हणजे चार वर्षांसाठी सैन्यात. आई नाही म्हणते, बाबा काहीच बोलत नाहीत. तो रोज पहाटे पाचला मुरुडच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत धावतो, परसातल्या आंब्याच्या आडव्या फांदीला लटकून बीम मारतो, तळहाताची सालं निघालीत, खोबरेल लावून तसाच जेवायला बसतो. गेल्या आठवड्यात आईने त्याचे बूट माळ्यावर टाकले तर अनवाणी गेला. मला दोनच गोष्टी विचारायच्यात, चार वर्षांनी बाहेर पडल्यावर पुढे काय, आणि आईला काय सांगू. देशसेवेवर भाषण नको, ते गावात रोज ऐकतोय.

निळा_दर्या
कोणतं मुरुड, दापोलीचं की जंजिऱ्याचं? रायगडची भरती मुंबईच्या ऑफिसकडे, रत्नागिरी सिंधुदुर्गची कोल्हापूरकडे, म्हणून विचारतोय. शिवाय भावाचं वय, शिक्षण, टक्के काहीच लिहिलं नाहीये. अग्निवीर आर्मीत पण आहे, नेव्हीत पण, एअरफोर्समध्ये पण. कुठला फॉर्म?

जहाजवाला
ताई माझं ऐका, आर्मी सोडा. आपण दर्यावरची माणसं, त्याला मर्चंट नेव्हीत घाला. जीपी रेटिंगचा, म्हणजे जहाजावरच्या खलाशाचा, सहा महिन्यांचा कोर्स, दहावीवर होतो, इंग्लिशमध्ये ४० टक्के लागतात. मी स्वतः अकरा वर्षं जहाजावर आहे, घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं. चार वर्षांनी कोणी घरी पाठवत नाही.

सुभाष_माजी_हवालदार
मी मराठा लाईट इन्फंट्रीत १७ वर्षं काढली, ट्रेनिंग बेळगावला. मुलगा स्वतःहून पहाटे उठतोय ना, मग त्याला अडवू नका, अशा पोरांना घरात कोंडलं की ती बिघडतात हे मी गावात डोळ्यांनी बघितलंय. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १९४४ ला इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून गेले तेव्हा बावीस वर्षांचे होते, आपल्या कोकणातलाच मुलगा. आणि गाव मारे म्हणतं की ज्याला काही जमत नाही तो मिलिटरीत जातो, मग १५ ऑगस्टला झेंड्याला बोलवायला आमच्याच दारात येतात.

रोखठोक
हवालदार साहेब, आदर आहेच, पण तुम्हाला पेन्शन आहे. या पोराला नाही. ग्रॅच्युइटी पण नाही. शंभरातले पंचवीस ठेवणार, बाकी पंच्याहत्तर घरी. तुमच्या काळाचा सल्ला आजच्या पोराला देऊ नका.

सुभाष_माजी_हवालदार
पेन्शन नाही हे मला माहीत आहे आणि मलाही ते पटत नाही. पण हिशोब पूर्ण सांगा. पहिल्या वर्षी ३०,००० पगार, त्यातले ९,००० कापून २१,००० हातात, चौथ्या वर्षी पगार ४०,००० होतो. कापलेलं चार वर्षांचं ५ लाख २ हजार होतं, सरकार तेवढंच घालतं, म्हणजे १० लाख ४ हजार आणि वर व्याज, टॅक्स नाही. ४८ लाखांचा विमा. राहणं खाणं कपडे सरकारचे. आमच्या पंचक्रोशीत चोविसाव्या वर्षी दहा लाख बँकेत असलेला मुलगा मला दाखवा.

रोखठोक
दहा लाखात दापोलीत एक गुंठा तरी येतो का बघा. विमा आईला सांगून बघा, काय उत्तर मिळतं.

आजी_शिक्षिका
सैनिक स्कूल साताऱ्याचा विचार करा, १९६१ पासूनची शाळा आहे, सहावीला प्रवेश परीक्षा असते. तिथून एनडीए, म्हणजे थेट अधिकारी, अग्निवीरचा प्रश्नच येत नाही. माझ्या नातवाची तयारी चालू आहे.

खाडीकाठची
काकू, माझा भाऊ वीस वर्षांचा आहे.
दापोलीचं मुरुड. जन्म नोव्हेंबर २००४, बारावी झालीय, आर्मीचा जीडी म्हणजे साध्या शिपायाचा फॉर्म भरायचाय. यंदाची जन्मतारखेची अट १ ऑक्टोबर २००४ पासून आहे, म्हणजे पुढच्या वर्षी त्याचं वय निघून जाणार म्हणून घाई. बाबा हर्णै बंदरात दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल आहेत, बोट तेच चालवतात. आईला मरणाची भीती आहे असं सगळे धरून चाललेत, ते नाहीये. तिचा नवरा तीस वर्षं दर्यात जातोय, ती भीती तिला नवीन नाही. ती म्हणते पंचविसाव्या वर्षी परत येऊन बाबांच्याच बाजूला दुसऱ्याच्या बोटीवर उभा राहील, आणि तोपर्यंत त्याच्याबरोबरची पोरं मुंबईत कुठे ना कुठे चिकटलेली असतील. यावर मला उत्तर सुचत नाही म्हणून इथे आले.

कऱ्हाडचा_पैलवान
आमच्याकडे या बघायला. साताऱ्यात अपशिंगे गावाच्या नावातच मिलिटरी आहे. घरात तीन पिढ्या फौजी, आई स्वतः दूध गरम करून पोराला ग्राउंडला पाठवते. कोकणात ते वातावरणच नाही, मुंबईची सवय लागलीय.

मास्तर_संगमेश्वर
वातावरण नाही असं म्हणू नका. दापोलीला अजून लोक कॅम्प दापोली म्हणतात, ते सैन्याच्या छावणीमुळेच. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, निवृत्तीनंतर ते कुटुंब दापोलीत राहिलं. मुंबईला जाणं ही सवय नव्हे हो, इथे पोट भरेना म्हणून लोक गिरणीत गेले. मी बावीस वर्षं शिकवतोय, दहावी बारावीला कोकण बोर्ड २०१२ ला वेगळं झाल्यापासून निकालात राज्यात पहिलं येतं, दरवर्षी पेपरात मुलींचे पेढे भरवतानाचे फोटो, आणि जूनमध्ये तीच मुलं माझ्याकडे येऊन विचारतात सर आता काय करू. लोट्याची एमआयडीसी नाहीतर मुंबई, याच्यापुढे माझ्याकडे तिसरं नाव नसतं. याचा मला खरंच त्रास होतो.

कलमवाला_पावस
काम नाही असं कसं, माझ्या बागेत राखणीला नेपाळी आहेत, बोटींवर खलाशी नेपाळी आहेत, आपल्या पोरांना ते काम नको.

मास्तर_संगमेश्वर
बारावीपर्यंत शिकलेल्या मुलाने राखण करावी असं तुमच्या मुलाबद्दल म्हणाल का? जून जुलै मासेमारी बंद असते तेव्हा त्या खलाशाला पगार कोण देतं?

कलमवाला_पावस
माझा मुलगा बागच बघतो. असो.

देवगडचो
तायनू, ह्या सगळा ऱ्हवांदे. भावाची उंची किती ता सांग आधी. माझो भाचो वरसभर धावलो, कोल्हापुराक गेलो नि मापाच्या काठीखालीच भायर पडलो. घराकडेच मोजूक व्हयी होती, आमका कोणी सांगलाच नाय.

निळा_दर्या
हे बरोबर विचारलंत. महाराष्ट्रासाठी जीडीला १६८ सेंटीमीटर लागतात. टेक्निकलला १६७, क्लर्कला १६२. आणि बारावी कुठल्या शाखेची ते पण अजून सांगितलं नाहीये, ताई.

जहाजवाला
जहाजावर उंचीचा असा त्रास नाही. एवढंच सांगतो की इन्स्टिट्यूट डीजी शिपिंगने, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याने, मान्य केलेली आहे का ते बघूनच पैसे भरा. माझ्या चुलतभावाचे एका एजंटने तीन लाख घेतले, पोरगा दुबईत उतरला तर जहाजच नव्हतं, दीड महिना खोलीत बसून परत आला.

रोखठोक
आणि आत्तापर्यंत तुम्ही म्हणत होता तिथे धोका नाही.

जहाजवाला
मी तसं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं चार वर्षांनी कोणी काढत नाही.

खाडीकाठची
मोजली. बाबांनीच मोजली, दाराच्या चौकटीला उभं केलं, डोक्यावर पाटी आडवी धरून पेन्सिलने खूण केली आणि सुताराकडची टेप आणली. १६६. दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा पण १६६. सहा महिने धावला आणि हे कोणालाच माहीत नव्हतं, मला पण नाही, मी चिपळूणला मेडिकलमध्ये कामाला असते, त्याने विचारलं असतं तर शोधलं असतं. तो पडवीत बसून आहे, काही बोलत नाही. बारावी कॉमर्स, ६४ टक्के, अकाउंट्सला ७१, इंग्लिश ५२. आता काय?

निळा_दर्या
मग रस्ता बंद नाही, नीट वाचा. क्लर्कला १६२ चालतात, बारावीला ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५० लागतात, इंग्लिश आणि अकाउंट्समध्ये पण ५०. इंग्लिश काठावर आहे पण आहे, बाकीचे विषय मार्कशीटवर बघा. टायपिंग टेस्ट असते, ती आजपासून सुरू करा. यंदा एकाच फॉर्ममध्ये दोन पदं भरता येतात आणि लेखी परीक्षा मराठीतून देता येते. ती पास झाल्यावर ग्राउंड, १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढले तर ६० पैकी ६०, म्हणजे त्याचं धावणं वाया गेलेलं नाही.
नेव्हीत एसएसआरला, म्हणजे बारावीवरच्या भरतीला, मॅथ्स फिजिक्स लागतं म्हणून ते नाही, पण एमआर ही भरती दहावीवर आहे, ५० टक्के हवेत, उंची १५७, त्याची जाहिरात पण आत्ता चालू आहे. ट्रेनिंग ओडिशात चिल्काला.
आणि आईंचा प्रश्न खरा चार वर्षांचाच असेल तर कोस्ट गार्ड, म्हणजे तटरक्षक दल. ते अग्निवीरच्या अग्निपथ योजनेत येत नाही, नोकरी कायमची. नाविक डोमेस्टिक ब्रँच (स्वयंपाक, वाढणं अशी कामं) दहावीवर, वय २२ पर्यंत. रत्नागिरीतच त्यांचं स्टेशन आहे.

सुभाष_माजी_हवालदार
पोलीस भरती विसरू नका. १६५ लागतात, याची १६६ आहे, बारावी पास, २८ पर्यंत वय. १६०० मीटर तिथेही धावायचंच आहे. बाळाला सांगा, उंचीत बाहेर पडलेले पुष्कळ जण माझ्या ओळखीत आहेत जे आज पोलिसात आहेत. मी सुरुवातीलाच उंची विचारायला हवी होती, एवढी वर्षं नोकरी करून ते सुचलं नाही.

रोखठोक
चार वर्षांनंतरचं पण सांगतो, कारण मूळ प्रश्न तोच होता. केंद्राने २०२२ ला निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांना १० टक्के जागा जाहीर केल्या. पण पहिली बॅच २०२६ च्या शेवटाकडे बाहेर पडेल, तोपर्यंत त्या जागा प्रत्यक्ष किती भरतात ते कोणी बघितलेलं नाही. म्हणून आईला "पुढे नक्की लागेल" असं सांगू नका. कोस्ट गार्ड आणि पोलीस आधी, क्लर्कचा फॉर्म भरून ठेवा.

खाडीकाठची
आईला हेच वाचून दाखवलं, तुमचं सगळ्यांचं, कलमवाल्या काकांचं सुद्धा. कोस्ट गार्ड कायमचं आहे म्हटल्यावर तिने दोनदा विचारलं, नक्की ना. मग ट्रंकेतून कागदांची फाईल काढून भावाच्या पुढ्यात ठेवली. क्लर्क आणि एमआर दोन्ही भरतोय, कोस्ट गार्डची जाहिरात आली की ते. आता नवीन अडचण, दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव दीर्घ आहे आणि आधारवर ऱ्हस्व. फॉर्ममध्ये कुठलं टाकू? आणि डोमिसाईल पण काढलेलं नाही.

निळा_दर्या
दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तसंच टाका, अक्षरन् अक्षर. आधार दुरुस्तीला उद्याच द्या आणि पावती जपून ठेवा. डोमिसाईलला तहसीलच्या सेतूत जाताना शाळा सोडल्याचा दाखला आणि बाबांचं रेशनकार्ड घ्या, सकाळी दहाच्या आत पोचा, नंतर सर्व्हर चालत नाही.

देवगडचो
नि भावाक सांग धावणा बंद करू नको.