इव्हेंट ‘फॉरवर्ड’ करणं: पुढे ढकलणं, अग्रेषित करणं की निरोप पोचवणं?

विचारणा:
प्रोग्रॅमिंगच्या एका पाठाचं मराठी करतो आहे. आतल्या ऑब्जेक्टमध्ये (प्रोग्रॅममधल्या एका घटकात) इव्हेंट, म्हणजे बटण दाबलं जाण्यासारखी घटना, घडतो आणि बाहेरचा ऑब्जेक्ट तो ऐकणाऱ्यांपर्यंत पोचवतो, त्याला ‘इव्हेंट फॉरवर्ड करणं’ म्हणतात. मी आधी ‘घटना पुढे ढकलणे’ असं लिहिलं होतं, पण वाचताना ती लांबणीवर टाकल्यासारखी वाटते. ‘घटना अग्रेषित करणे’ चालेल का? की याहून साधं काही आहे?

प्रतिसाद:
‘पुढे ढकलणे’ नकोच. परीक्षा पुढे ढकलतात, बैठक पुढे ढकलतात. इव्हेंट रांगेत ठेवून नंतर हाताळण्याची पद्धतही असते, त्यामुळे वाचक नेमका तोच चुकीचा अर्थ घेईल. ‘अग्रेषित’ हा कार्यालयीन पत्रव्यवहारातला शब्द आहे. अर्थ बरोबर आहे, पण कोड लिहिणाऱ्याच्या तोंडी तो कधी येणार नाही. मी सरळ ‘फॉरवर्ड करणे’ ठेवीन.

प्रतिसाद:
मला वाटतं, खरी अडचण ‘फॉरवर्ड’पेक्षा ‘घटना’ या शब्दात आहे. (संविधानालाही आपण घटनाच म्हणतो, ते बाजूला ठेवू.) घटना घडते, ती पाठवता येत नाही. बटण दाबलं गेलं, ते तिथेच आणि एकदाच. पुढे जाते ती त्याची खबर. मराठीत त्यासाठी ‘वर्दी’ हा चोख शब्द आहे: वर्दी देणं, वर्दी पोचणं. त्यामुळे इव्हेंट घडतो, आणि बाहेर त्याची वर्दी जाते.

आता वर्दी पुढे देण्याचे दोन प्रकार आहेत. मराठीत ते आपण रोजच्या बोलण्यात वेगळे ठेवतो, पण ‘फॉरवर्ड’ म्हटलं की एकत्र होतात. ‘त्यांनी असा असा निरोप दिलाय’ म्हणणं वेगळं आणि तीच गोष्ट आपल्या नावाने कळवणं वेगळं. पहिल्यात बोलणारा नुसता निरोप्या असतो. दुसऱ्यात शब्द त्याचा स्वतःचा होतो.

सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे स्वच्छ दिसतं. तिथे इव्हेंट ज्या क्लासमध्ये (ऑब्जेक्टच्या साच्यात) जाहीर केलेला असतो, त्याच क्लासला तो उठवता, म्हणजे घडल्याचं कळवता, येतो. समजा, पत्ता भरायचं एक पॅनेल आहे आणि त्याच्या आत ‘जतन करा’ हे बटण. बाहेरच्या खिडकीला बटणाची माहिती नसते, तिला फक्त पॅनेल माहीत असतं. पॅनेल दोन तऱ्हांनी वागू शकतं. एक, बटणाचा क्लिक स्वतः ऐकायचा आणि मग आपला वेगळा इव्हेंट उठवायचा, ‘सेंडर’ (इव्हेंट कोणाकडून आला तो ऑब्जेक्ट) म्हणून स्वतःला देऊन. दोन, आपल्या इव्हेंटचे ॲड आणि रिमूव्ह (ऐकणारा जोडणारे आणि काढणारे भाग) स्वतः लिहायचे आणि येणारा हँडलर (इव्हेंट घडल्यावर चालणारा कोड) सरळ बटणालाच जोडून द्यायचा. दुसऱ्यात पॅनेल वाटेत उभंच नसतं, त्यामुळे खिडकीला ‘सेंडर’ म्हणून बटण मिळतं.

मी यात एकदा चांगला अडकलो होतो. एका पडद्यावर अशी दोन पॅनेल होती, घरचा पत्ता आणि कामाचा पत्ता, आणि दोन्हींना एकच हँडलर. त्यात मी ‘सेंडर’ला पॅनेल समजून कास्ट केलं होतं, म्हणजे ‘हे पॅनेलच आहे’ असं कोडमध्ये बजावलं होतं. कोणीतरी ओळी वाचवायला दुसरी तऱ्हा वापरली आणि कास्ट तिथल्या तिथे कोसळलं, कारण हातात आलं होतं बटण. दुरुस्ती दोन मिनिटांची होती, शोधायला दुपार गेली. कागदपत्रांत दोन्हीकडे एकच वाक्य होतं: ‘पॅनेल क्लिक इव्हेंट फॉरवर्ड करतं.’ त्या जागी ‘पॅनेल स्वतःच्या नावाने वर्दी देतं’ असं लिहिलेलं असतं, तर बदल करणाऱ्यालाच शंका आली असती.

म्हणून माझी सुचवण: मूळ सेंडर टिकत असेल तिथे ‘निरोप पोचवणे’ आणि बदलत असेल तिथे ‘स्वतःच्या नावाने वर्दी देणे’. दोन्ही मिळून म्हणायचं असेल तिथे ‘फॉरवर्ड करणे’ खुशाल ठेवा.

प्रतिसाद:
‘वर्दी’ ऐकल्यावर बऱ्याच जणांना गणवेश आठवेल. आणि ‘निरोप देणं’ म्हणजे एखाद्याची पाठवणी करणंसुद्धा.

उत्तर:
शंका रास्त आहे. पण हे शब्द क्रियापदाबरोबर ओळखू येतात. ‘वर्दी घातली’ आणि ‘वर्दी दिली’ यांत गोंधळ होत नाही. ‘निरोप’बाबत मात्र तुमचं ऐकतो: ‘निरोप देणे’ टाळावं, ‘निरोप पोचवणे’च लिहावं. ‘सांगावा’ हा शब्द मला मनापासून आवडतो, पण तांत्रिक पाठात तो आता एकदम जुना वाटेल.

विचारणाऱ्याकडून:
खूप मदत झाली. पुढच्याच धड्यात ब्राउझरमधलं ‘बबलिंग’ आहे. तेही फॉरवर्ड करणंच ना? तिथे मी ‘बुडबुडणे’ लिहिलंय.

उत्तर:
नाही, आणि तिथे ‘फॉरवर्ड’ हा शब्द वापरलात तर विद्यार्थी चुकेल. बबलिंगमध्ये कोणी कोणाला काही पोचवत नाही. एकच इव्हेंट ऑब्जेक्ट आतल्या घटकापासून बाहेरच्या घटकांकडे चढत जातो आणि वाटेवरचा जो ऐकत असेल त्याचा हँडलर चालतो. ‘टार्गेट’ शेवटपर्यंत मूळ घटकच राहतो, ‘करंट टार्गेट’ (ज्याचा हँडलर आत्ता चालतोय तो घटक) प्रत्येक पायरीवर बदलतं. म्हणून ‘वर चढणे’. ‘बुडबुडणे’ ऐकून डोळ्यांपुढे पाण्यात बुडणारी वस्तू येते, म्हणजे नेमकी उलट दिशा. सगळेच इव्हेंट चढत नाहीत हेही लिहा: ‘फोकस’ चढत नाही, ‘फोकसइन’ चढतो.

ब्राउझरमध्ये खरं फॉरवर्ड करायचं, म्हणजे एका घटकावरचा क्लिक स्क्रिप्टने दुसऱ्या घटकावर न्यायचा, तर नवा इव्हेंट बनवून ‘डिस्पॅच’ करतात, म्हणजे त्या घटकावर सोडतात. पहिल्याचा प्रवास चालू असताना तोच ऑब्जेक्ट पुन्हा डिस्पॅच केला तर ब्राउझर एरर देतो. नव्या इव्हेंटचं ‘इजट्रस्टेड’ (इव्हेंट स्क्रिप्टने सोडलेला नाही ना, हे सांगणारी खूण) फॉल्स असतं, वापरकर्त्याने खरोखर केलेल्या क्लिकचं ट्रू. खुद्द पाहणाऱ्याने दिलेली वर्दी आणि ऐकीव वर्दी यांतला फरक ब्राउझर स्वतःच नोंदवून ठेवतो.

प्रतिसाद:
‘सोपवणे’ कसं वाटतं? डेलिगेशनला (एका ऑब्जेक्टने आपलं काम दुसऱ्याला देण्याला) आम्ही तेच म्हणतो.

उत्तर:
डेलिगेशनला अगदी योग्य, इथे नाही. काम सोपवलं की ते करायची जबाबदारी दुसऱ्याकडे जाते आणि उत्तराची वाट पाहिली जाते. वर्दी देणारा मात्र तिचं पुढे काय झालं हे विचारायला थांबत नाही. ऐकणारे दहा असतील, एकही नसेल. ‘हस्तांतर’ही नको, कारण त्यात देणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. इथे आतल्या बटणाला आणखी कोणी ऐकत असेल, तर त्यालाही वर्दी मिळतेच.

विचारणाऱ्याकडून:
मग वाक्य असं केलं आहे: ‘पत्ता-पॅनेल आतल्या बटणाचा क्लिक ऐकतं आणि जतन करण्याची वर्दी स्वतःच्या नावाने बाहेर देतं.’

उत्तर:
छान. फक्त ‘जतन करण्याची’ऐवजी ‘जतन करायला सांगितल्याची’ करा. त्या क्षणी काहीच जतन झालेलं नसतं, आणि ‘जतन करण्याची’ वाचून खिडकीला आज्ञा दिल्यासारखं वाटतं.