अनुभव धागा : एकमेकांच्या रीती शिकताना

अपंग आणि अपंगत्व नसलेली माणसं बोलायला बसली की बरेचदा रीतींवरून अडतं. इकडे जे सभ्य, ते तिकडे उद्धट. आपापल्या बाजूची रीत नेमकी लिहा, लगेच वापरता येईल अशी.

सांकेतिक भाषा वापरणारी, कर्णबधिर
आमच्यात नजर हटवणं म्हणजे बोलणं तोडणं. हाक मारायची तर खांद्यावर हलकं थोपटा, नजरेच्या टप्प्यात हात हलवा किंवा दिवा एकदोनदा बंद-चालू करा. दोघं खुणांनी बोलत असतील आणि वाट मधूनच असेल, तर वाकून माफी मागत थांबू नका, सरळ निघून जा. थांबलात की नजर जास्त वेळ तुटते.

दुभाषी असला तरी बघायचं माझ्याकडे आणि 'तुम्ही' म्हणायचं मला. 'त्यांना विचारा' म्हटलंत की मी तिथे असून नसल्यासारखी होते. लांबलेल्या बैठकीला दोन दुभाषी हवेत, साधारण 20 मिनिटांनी आलटून पालटून. दमलेल्या दुभाष्याकडून शब्द गळतात, आणि ते त्याच्याही चटकन लक्षात येत नाही.

1880 मध्ये इटलीतल्या मिलान इथे भरलेल्या परिषदेने बधिरांच्या शिक्षणात खुणांपेक्षा तोंडी बोलणं श्रेष्ठ ठरवलं. तो ठराव कॅनडातल्या व्हँकुव्हरला, याच विषयावरच्या परिषदेने नाकारला 2010 मध्ये. 'ओठ वाचता येतात ना?' हा प्रश्न आम्हाला का बोचतो, ते यावरून कळेल.

ओठवाचन शिकवणारा
प, ब, म ओठांवर एकसारखे दिसतात. क, ग, ह आत उमटतात, जवळजवळ दिसतच नाहीत. 'पाट' आणि 'माठ' यांत डोळ्याला फरक नाही. ओरडल्याने ओठांचा आकार उलट बिघडतो. आधी विषय सांगा. कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणू नका, शब्द बदला. उजेड चेहऱ्यावर हवा, खिडकी पाठीशी नको. नावं आणि आकडे लिहूनच द्या.

दृष्टिहीन
दंड पकडून ओढू नका, काठीला तर हातच लावू नका. कोपर पुढे करा. मी कोपराच्या जरा वर धरून अर्धं पाऊल मागे चालते. तुमच्या अंगाच्या हालचालीतून वळण कळतं. जिन्यापाशी थांबा, चढायचंय की उतरायचंय ते सांगा. बसायच्या वेळी माझा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, पुढचं मी बघते. (हो, 'बघते'. हा शब्द टाळू नका.) आणि निघताना 'निघतो' म्हणा.

व्हीलचेअर वापरणारा
खुर्ची माझ्या अंगाचाच भाग आहे, तिच्यावर रेलू नका. उचलायची वेळ आलीच तर कुठे धरायचं ते आधी विचारा. हातांचे आणि पायांचे टेकू बऱ्याच खुर्च्यांत निघून येतात. पकड पक्क्या सांगाड्यावरच हवी.

अडखळत बोलणारी
माझं वाक्य पुरं करू नका. चुकीचा शब्द पुरवलात की आधी 'नाही' म्हणायचं, मग पुन्हा मूळ शब्दाशी झटायचं. दुप्पट मेहनत.

ऑटिस्टिक
स्वतः ऑटिस्टिक (स्वमग्न) असलेले संशोधक डॅमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये हेच मांडलं: ऑटिस्टिक आणि इतर माणसं यांच्यात न समजणं दोन्हीकडून असतं. 'जरा वेळाने' नको, 'साडेचारला' सांगा. नजरेला नजर देण्याचा आग्रह धरू नका. नजर सांभाळायला गेलो की शब्द निसटतात. आमच्या बाजूने एवढं करतो: माझ्या सरळ 'नाही'मध्ये राग नसतो, हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवतो.