आर या आकडेवारीच्या संगणक-भाषेत उत्तरांचे आकडे केले, सरासरी भलतीच येतेय

नवखी_सर्वेक्षक:
240 कागदी फॉर्म दोघांनी एक्सेलमध्ये टाइप केले आहेत. प्र. 7 ची उत्तरं अशी: पूर्ण असहमत 96, असहमत 60, तटस्थ 24, सहमत 36, पूर्ण सहमत 24. कॉलम फॅक्टर (ठरावीक पर्यायांचा कॉलम) करून त्यावर ॲज डॉट न्यूमेरिक (पर्यायांचे आकडे करणारी आज्ञा) चालवलं. सरासरी 2.80 आली. निम्म्याहून जास्त लोक विरोधात असताना जवळजवळ तटस्थ कशी? एरर काहीच नाही.

आकडेमोड:
एरर येणारच नाही, आरच्या दृष्टीने सगळं बरोबर आहे. लेव्हल्स (पर्यायांची क्रमवार यादी) तुम्ही सांगितल्या नाहीत तर तो त्या वर्णानुक्रमे लावतो: असहमत 1, तटस्थ 2, पूर्ण असहमत 3, पूर्ण सहमत 4, सहमत 5. म्हणजे कडाडून विरोध करणारे 96 जण मधोमध जाऊन बसले. क्रम स्वतः द्या:

फॅक्टर(उत्तर, लेव्हल्स = सी("पूर्ण असहमत", "असहमत", "तटस्थ", "सहमत", "पूर्ण सहमत"))

आता आकडे काढा, सरासरी 2.30 येईल. जुना कॉलम पुसू नका. मूळ उत्तर आणि कोड यांचा टेबल समोरासमोर काढून बघा. प्रत्येक ओळीत एकाच चौकटीत आकडा हवा, बाकी शून्य.

आणि "माहीत नाही" हा पर्याय असेल तर त्याला 6 किंवा 99 देऊन सरासरीत ढकलू नका. सरासरीपुरता तो एनए (रिकामं उत्तर) करा, पण किती जणांनी तसं म्हटलं ते वेगळं नोंदवा.

नवखी_सर्वेक्षक:
2.30 आली, धन्यवाद! पण प्र. 9 ला हेच केलं तर 11 एनए आले. फॉर्मवर तर उत्तरं आहेत. पर्याय: कधीच नाही, क्वचित, बऱ्याच वेळा, नेहमी.

देवनागरीचा_हमाल:
लेव्हल्सच्या यादीशी जे अक्षरशः जुळत नाही, त्याचा फॅक्टर गुपचूप एनए करतो. "बऱ्याच" वर माझा पहिला संशय. हा ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: एक ऱ + हलन्त + य, दुसरा र + हलन्त + न दिसणारा जोडक (झेडडब्ल्यूजे) + य. पडद्यावर दोन्ही सारखेच, आरला मात्र दोन वेगळे शब्द. युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या पद्धतीने) हे एक होत नाहीत, जीसबने (शोधून बदलणाऱ्या आज्ञेने) दुसरा प्रकार पहिल्यात बदलावा लागतो. फक्त जोडक उडवला तर "बर्याच" होईल, तेही जुळणार नाही.

दुसरा संशय शेवटच्या स्पेसवर. एनकॅर (अक्षरचिन्हं मोजणारी आज्ञा) चालवा: "नेहमी" ला 5 यायला हवेत (न, े, ह, म, ी), 6 आले की काहीतरी चिकटलंय. ट्रिमडब्ल्यूएस साधी स्पेस काढतो, पण वेबवरून किंवा वर्डमधून आलेली नॉन-ब्रेकिंग स्पेस तशीच ठेवतो. एनए झालेल्या 11 ओळींची मूळ उत्तरं युनिकने (प्रत्येक वेगळं उत्तर एकदाच दाखवणाऱ्या आज्ञेने) काढा, पाच मिनिटांत कळेल. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका (नेहमि वगैरे) तिथेच सापडतात.

पांडाप्रेमी:
पायथनवाल्यांसाठी: पांडाज या लायब्ररीत कॅट डॉट कोड्स (पर्यायांचे आकडे) 0 पासून सुरू होतात आणि रिकाम्या उत्तराला मायनस 1 मिळतो. तो तसाच सरासरीत गेला तर आकडा खाली ओढतो. स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये एन्कोड (उत्तरांचे आकडे करणारी आज्ञा) हाही वर्णानुक्रमच धरतो. आधी लेबल डिफाइन करा आणि नोएक्स्टेंड लावा, मग यादीबाहेरचं उत्तर आलं की तो तिथेच थांबतो. आरने असं ओरडायला हवं होतं, असं माझं मत.

आकडेमोड:
हे सगळं क्रम असलेल्या उत्तरांपुरतं. जिल्हा, व्यवसाय यांचे आकडे मॉडेलमध्ये आकडे म्हणून देऊ नका, फॅक्टरच राहू द्या. जनगणनेत महाराष्ट्राचा कोड 27 आणि गोव्याचा 30 आहे. म्हणून गोवा तीनने जास्त होत नाही.