ग्राफीन पोलादाहून मजबूत, मग आमची फिल्म का फाटते?

प्रश्न:
ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकच अणू जाडीचा पापुद्रा. त्याचंच ऑक्सिजन जोडलेलं रूप, म्हणजे ग्राफीन ऑक्साइड, घेतलं आणि त्याचं द्रावण व्हॅक्यूमखाली गाळून तपकिरी, चकचकीत फिल्म केली. बोटाभोवती गुंडाळली तरी काही होत नाही, पण कडेला धरून ओढली की टर्रकन फाटते. एवढी गाजलेली मजबुती गेली कुठे?

प्रतिसाद १:
कडा आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. बोथट ब्लेडने कापलेल्या पट्टीला बारीक खाचा पडतात आणि चीर तिथूनच धावते. ग्राफीनचा निर्दोष पापुद्राही ठिसूळच असतो. एकदा चीर पडली की तिला अडवणारं त्यात फारसं काही नसतं.

प्रतिसाद २:
मी रोज अशाच पट्ट्या ओढून तोडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ग्राफीनच्या मजबुतीचा १३० गिगापास्कल (तुटण्याआधी पेलणारा ताण, १ गिगापास्कल म्हणजे १००० मेगापास्कल) हा गाजलेला आकडा २००८ साली कोलंबिया विद्यापीठात मिळाला. मायक्रॉनभर रुंदीच्या छिद्रावर ताणलेला, एकच अणू जाडीचा पापुद्रा, आणि त्याच्या मधोमध दाबलेलं हिऱ्याचं टोक. तिथे सगळा भार कार्बन-कार्बन बंधांवर येतो. तुमच्या फिल्ममध्ये तो तिथवर पोचतच नाही! छोटे छोटे पापुद्रे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात आणि त्यांना धरून ठेवतात ते हायड्रोजन बंध (कार्बन-कार्बन बंधांहून खूपच कमजोर) आणि मधे अडकलेलं पाणी. ओढलं की पापुद्रे घसरतात. तुटलेली कड पाहिलीत तर थर पायऱ्यांसारखे उपसून आलेले दिसतील. त्यामुळे चांगल्या फिल्मचीही ताकद शंभर-सव्वाशे मेगापास्कलच्या आसपास असते, म्हणजे हजार पटींनी कमी.

वाकण्याचं म्हणाल तर वाकायला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. ०.३४ नॅनोमीटरचा पापुद्रा ताणायला कितीही ताठ असला तरी सहज वळतो, आणि फिल्ममध्ये थर एकमेकांवरून थोडे सरकतात. म्हणजे जी घसरण तुमची फिल्म वाकू देते, तीच तिला ओढताना दगा देते. मला या पदार्थातलं सगळ्यात सुंदर कोडं हेच वाटतं.

एक सांगा, गाळायला चकती कुठली वापरलीत?

प्रश्नकर्ता:
टेफ्लॉनची. तिने काय फरक पडतो?

प्रतिसाद २:
बराच पडतो. अ‍ॅल्युमिनाच्या (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) चकतीतून गाळताना अ‍ॅल्युमिनियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सुटतात आणि थरांना एकमेकांशी बांधतात. ती फिल्म पाण्यातही टिकते, टेफ्लॉनवरची विरघळू लागते. दोन्हींवर एकाच द्रावणाची फिल्म करा, सारख्याच दमट हवेत ठेवा, नव्या ब्लेडने पट्ट्या कापा आणि मग ओढून बघा. किती ताणावर किती लांबली याचे आलेख इथे नक्की टाका.