मॉर्मन पोरांच्या दोन वर्षांना ‘सहल’ म्हणणाऱ्यांसाठी

शर्वरी_तोक्यो (धागाकर्ती):
परवा परदेशी शिक्षणाच्या धाग्यावर बापूसाहेब_ठाणे यांनी लिहिलं, की पांढरा शर्ट-टाय घालून सायकलवर फिरणारी मॉर्मन पोरं म्हणजे ‘श्रीमंत अमेरिकनांची लाडावलेली बाळं, बापाच्या पैशावर दोन वर्षांच्या सहलीला निघालेली’. खाली धडाधड अनुमोदनं पडली. मला राहवलं नाही. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मॉर्मन हा मूळचा अमेरिकेतला ख्रिस्ती पंथ. त्यांची तरुण मुलं-मुली घर सोडून धर्मप्रचाराला जातात, त्यालाच ‘मिशन’ म्हणतात.

आम्ही तोक्योतल्या निशी-कासाईत राहतो. आमच्याच इमारतीत या मंडळींचं भाड्याचं घर आहे. पोरं बदलत राहतात, घर तेच. त्यामुळे त्यांचा दिनक्रम मला आता तोंडपाठ आहे.

सकाळी साडेसहाला उठायचं. व्यायाम, आंघोळ, नाश्ता. मग एकट्याने धर्मग्रंथाचा अभ्यास, नंतर जोडीदाराबरोबर, नंतर जपानी. दहा-अकराला सायकली बाहेर. रात्री नऊच्या सुमारास परत, उद्याचं नियोजन, साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, मैत्रीण नाही, नेमून दिलेल्या भागाबाहेर विनापरवानगी पाऊल नाही. जोडीदार आपण निवडायचा नाही आणि त्याला नजरेआडही होऊ द्यायचं नाही. न्हाणीघर सोडलं तर एकटेपणा असा नाहीच. साधारण सहा आठवड्यांनी बदल्या निघतात. कधी जोडीदार बदलतो, कधी गाव. देशसुद्धा यांच्या मर्जीचा नसतो. सॉल्ट लेक सिटीहून, म्हणजे चर्चच्या मुख्यालयातून, पत्र येतं, त्यात लिहिलेलं असेल तिथे जायचं. आठवड्यातला एक दिवस, बहुतेक सोमवार, मोकळा. तो कपडे धुण्यात, वाणसामानात आणि घरी फोन करण्यात संपतो. मुलांना हे दोन वर्षं, मुलींना दीड.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या समोरच्या इमारतीत ते दोघं एकेका घराचा इंटरफोन दाबत होते. तोक्योचा ऑगस्ट ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, शर्ट पाठीला चिकटलेले. आतून बाईंचा आवाज आला, ‘केक्को देस्’, नको म्हणून. पोरगा कॅमेऱ्याच्या भिंगासमोर कमरेत वाकला, आभार मानले. फोन कट झाल्याचा आवाज आला तरी तो वाकलेलाच होता. मग पुढचं दार, तिथेही तेच. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. मजल्यावरची सगळी दारं झाली, एकही उघडलं नाही. वय असेल एकोणीस-वीस. यात सहल कुठे दिसते ते मला दाखवा.

त्यांचा धर्म मला पटत नाही, मी आरती-नैवेद्यवाली बाई आहे. पण घाम गाळणाऱ्या पोराला ऐतखाऊ म्हणणं मला सहन होत नाही. आणि हो, तो पोरगा जे जपानी बोलत होता ते इथे दहा वर्षं काढलेल्या आपल्यातल्या अनेकांना येत नाही.

बापूसाहेब_ठाणे:
माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तर देणं आलं. ताई, ऊन लागलं म्हणजे काम पवित्र होत नाही. घरोघरी जाऊन ‘तुमचा धर्म अपुरा, आमचा पुरा’ सांगायचं हे काम. जपानी बाई ‘नको’ म्हणाल्या ते योग्यच केलं.

आणि श्रीमंतीबद्दल लिहिलं त्यात खोटं काय? या चर्चने आपली शेअर बाजारातली अवाढव्य गुंतवणूक वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांमागे दडवली, म्हणून अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०२३ साली चर्च आणि त्यांची गुंतवणूक संस्था मिळून ५० लाख डॉलरचा दंड केला. हे जगजाहीर आहे. वर सदस्यांकडून उत्पन्नाचा दहावा हिस्सा. अशा संस्थेच्या प्रचारकांसाठी मी डोळे ओले करू?

अनिकेत_युटा:
बापूसाहेब, संस्था श्रीमंत आणि पोरगा श्रीमंत यात फरक आहे. उलट तुमचा मुद्दा तुम्हालाच अडचणीचा आहे. एवढं घबाड असूनही पोरांचा खर्च घरच्यांनीच करायचा! अमेरिकेतल्या कुटुंबांना २०२० पासून महिना ५०० डॉलर, त्याआधी ४००. दोन वर्षांचे १२,००० झाले. पोरगा महागड्या जपानात जावो की पेरूत, रक्कम तीच. पैसे एका सामाईक खात्यात जातात आणि तिथून त्याला खाण्यापिण्यापुरता भत्ता मिळतो.

मी युटातल्या लीहाय गावात राहतो, शेजारी सगळे हेच लोक. एका घरचा बाप वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करतो. मोठ्या मुलाने शाळेत असल्यापासून लोकांची हिरवळ कापून पैसे साठवले. तो ब्राझीलला गेला तेव्हा आई विमानतळावर उभी राहून रडत होती. ती लाडावलेली बाळं मला अजून भेटायचीत.

आमचा मॅनेजर नव्वदीच्या दशकात जपानात फुकुओकाला मिशनवर होता. तेव्हा घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मातृदिन. त्याची आजी गेली ते त्याला कळवलं गेलं, पण तो परतला नाही, तिथेच राहिला. दर आठवड्याला घरी बोलायची मुभा फेब्रुवारी २०१९ मध्ये मिळाली.

मंजिरी_के:
अनिकेत, तुम्ही हे कौतुकाने सांगताय आणि माझ्या अंगावर काटा येतोय. आजी वारली आणि एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा घरी येत नाही, यात थोर काय आहे?

मी पाच वर्षं ॲरिझोनात होते. ऑफिसातल्या एका बाईंचा मुलगा मिशनवरून आठ महिन्यांत परत आला. झोप उडाली होती, दारावर हात ठेवला की छातीत धडधड व्हायची. त्याने सांगितलं, जोडीदार म्हणाला श्रद्धा कमी पडतेय. घरी आल्यावर वेगळीच शिक्षा. रविवारी चर्चमध्ये प्रत्येक जण विचारणार, ‘अरे, लवकर आलास?’ त्या बाई मला जेवणाच्या सुट्टीत सांगायच्या, की तो मागच्या दाराने येतो-जातो. परदेशी भाषेत, परक्या गावात, दिवसभर नकार ऐकायचे आणि रात्री मन मोकळं करायला समोर कोण, तर नियम पाळतोस की नाही हे बघणारा जोडीदार.

चर्च म्हणतं की हे ऐच्छिक आहे. मुलांसाठी ते धार्मिक कर्तव्य मानलं जातं. ज्या समाजात मुली ‘मिशन केलेला मुलगा हवा’ म्हणत मोठ्या होतात, तिथे अठराव्या वर्षी नाही म्हणणं किती जणांना जमतं? शर्वरी, तुम्ही पोराचा घाम पाहिलात. त्याला पाठवणारे पाहिले नाहीत. बापूसाहेबांचं मला अजिबात पटत नाही, पण तुमचं कौतुकही पटत नाही.

दत्ता_नगरकर:
मूळ वाद तुमचा चालू द्या. मला शर्वरीताईंच्या शेवटच्या वाक्यावर बोलायचंय, कारण तिथे माझं दुखणं आहे.

ही पोरं प्रशिक्षण केंद्रात दोन-अडीच महिने जपानी घोकतात आणि थेट लोकांच्या दारात उभी राहतात. आणि आमच्या पुण्यात? वाकड-हिंजवडीत पंधरा वर्षं राहिलेला माणूस भाजीवाल्या मावशींशी हिंदीतच बोलणार, आणि मावशी बिचाऱ्या त्याच्यासाठी हिंदी बोलणार. मिशनऱ्यांनी भाषा शिकण्यात हयगय कधीच केली नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री गोव्यात आला आणि १६१६ साली त्याने ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, पुढे आमच्या नगरला आले. त्यांचं ज्ञानोदय १८४२ साली तिथूनच सुरू झालं. हेतू धर्मप्रसाराचा होता, मान्य. पण माणसाशी त्याच्या भाषेत बोलावं लागतं हे त्यांना कळलं होतं. इथे कंपनीत मराठीत बोललो तर वरिष्ठ म्हणतो, ‘लँग्वेज प्लीज’. मी नगरचा, पुण्यात, महाराष्ट्रात!

ओंकार_नागोया:
दत्ताभाऊ, भावना पोचल्या. पण एक विचारू? मी नागोयात बारा वर्षं आहे. इथल्या आपल्या मंडळाच्या गणपतीत दीडशे लोक जमतात. त्यातल्या किती जणांना डॉक्टरला नीट जपानीत सांगता येतं की कुठे दुखतंय? बायको प्रसूतीला गेली तर दुभाषा शोधत फिरतो आपण. हेच लोक फेसबुकवर लिहितात, ‘महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलंच पाहिजे’. मग जपानात राहायचं तर?

दत्ता_नगरकर:
ही तुलना चुकीची आहे. तुम्ही परदेशात कंत्राटावर गेलात, उद्या परत याल. पुण्यात जे येतात ते फ्लॅट घेतात, मतदार होतात, नगरसेवक निवडतात. मराठी माणसालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची सवय सोडा.

ओंकार_नागोया:
मीही घर घेतलंय हो इथे. पस्तीस वर्षांचं कर्ज आहे डोक्यावर. परत येणारा मी कुठला? आणि पिंजऱ्यात मी स्वतःलाही उभं केलंय. माझी मुलगी शाळेतून आलेल्या सूचना मला वाचून दाखवते, ती दुसरीत आहे.

शर्वरी_तोक्यो:
दत्ता, ओंकार, भाषेचा वेगळा धागा काढाल का?

मंजिरी, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्या इमारतीतलाही एक मुलगा मध्येच दिसेनासा झाला होता. मी बदली झाली असेल असं धरून चालले. तुम्ही म्हणता तसं असू शकतं. पण म्हणूनच ‘सहल’ हा शब्द मला आणखी खटकतो. ज्यात काही पोरं मोडून पडतात ती सहल कशी?

आमच्या तळमजल्यावर एक सत्तरीच्या आजी एकट्या राहतात. मागच्या अंगणातलं गवत त्यांना उपटवत नाही. ही पोरं सोमवारी सकाळी येऊन ते काढून देतात. पहिल्यांदा आजींनी हिरवा चहा पुढे केला. यांना चहा-कॉफी वर्ज्य, हिरवा चहासुद्धा. जपानी घरात पुढे आलेला चहा नाकारणं किती अवघड! पोराने हात जोडून कारण सांगितलं. आता आजी यांच्यासाठी ‘मुगिचा’ (भाजलेल्या जवाचं पेय, त्यात चहापत्ती नसते) थंड करून ठेवतात. आजी चर्चमध्ये एकदाही गेलेल्या नाहीत. पोरं गवत काढायला येतातच.

बापूसाहेब_ठाणे:
हाच तर सापळा असतो. आधी गवत, मग पुस्तक. फुकटचे इंग्रजी वर्गही घेतात ना जपानात? तिथे जाणाऱ्याला इंग्रजी हवं असतं, यांना माणूस हवा असतो.

अनिकेत_युटा:
सापळा असेल तर फारच भोकं पडलेला आहे. जपानात हे १९०१ पासून आहेत. पहिल्या चौघांत आल्मा टेलर नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. तो आठ वर्षांहून जास्त राहिला, त्यांचा ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ जपानीत आणला, तो १९०९ मध्ये छापला. आणि १९२४ मध्ये मिशन बंद करायची पाळी आली तेव्हा एवढ्या वर्षांत बाप्तिस्मा घेतलेले लोक होते १६६. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, पुन्हा सुरुवात केली. जपान्यांना ‘नको’ म्हणता येतं, त्यांची काळजी आपण करू नये.

सुलभा_काकू:
मी सहसा लिहीत नाही, वाचते. माझा धाकटा अठराव्या वर्षी कोचिंगसाठी बाहेरगावच्या हॉस्टेलला होता. पहाटे पाचला उठणं, रात्री अकरापर्यंत वर्ग, रविवारी दहा मिनिटं फोन. त्यातही ‘आई, ठीक आहे’ एवढंच. तो ठीक नव्हता हे आम्हाला फार उशिरा कळलं. कोचिंगचे पैसे भरताना आम्ही दोघांनी त्याला ‘तुला जायचंय का’ असं विचारलंच नव्हतं. मंजिरीने त्या आईचं लिहिलंय तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. मॉर्मन आया वेगळ्या आणि आम्ही वेगळ्या असं मला म्हणवत नाही.

बापूसाहेब_ठाणे:
काकू, तुमच्यापुढे मी काय बोलणार. मुलगा आता बरा असेल अशी आशा.

शर्वरीताई, ‘सहल’ आणि ‘लाडावलेली’ हे दोन शब्द मागे घेतो, तेही काकूंच्या प्रतिसादामुळे, तुमच्या इंटरफोनमुळे नव्हे. धर्मप्रचाराबद्दलचा शब्दन् शब्द कायम. पोराच्या कष्टावर आणि आईबापांच्या पैशावर संस्था आपला प्रसार करून घेते, आणि पोरगा खचला की त्याचीच श्रद्धा कमी पडली म्हणते. आता तर मी जास्त ठामपणे विरोधात आहे.

मंजिरी_के:
बापूसाहेब, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत होतेय, आणि मला ते आवडलेलं नाही. ज्यांच्यावर तुम्ही ऐतखाऊ म्हणून तुटून पडलात, त्याच पोरांची बाजू आता तुम्ही मांडताय हे लक्षात घ्या.

सुलभा_काकू:
मुलगा बरा आहे. वाईला शाळेत शिकवतो. विचारलंत, बरं वाटलं.

दत्ता_नगरकर:
भाषेचा वेगळा धागा काढणार नाही, कारण तिकडे कोणी फिरकत नाही. ओंकार, तुमचं कर्ज आणि मुलीचं वाचलं. तुमची अडचण खरी आहे, पण त्याने माझं म्हणणं खोटं ठरत नाही. पुण्यात मराठी शिकायला लोक तयार नाहीत हे सत्य आहे.

ओंकार_नागोया:
आणि शिकवायला कोण तयार आहे? इथे वॉर्ड ऑफिसच्या केंद्रात निवृत्त आजी-आजोबा शनिवारी परदेशी लोकांना जपानी शिकवतात, नाममात्र फीमध्ये. मी गेल्या महिन्यात नाव घातलंय. तुमच्या वाकडच्या सोसायटीत शनिवारी तास-दीड तास मराठीचा वर्ग घ्यायला तुम्ही बसाल का, ते सांगा. बसणार असाल तर अभ्यासाचे तक्ते मी करून पाठवतो.

दत्ता_नगरकर:
क्लब हाउस मिळतं का ते सेक्रेटरीला विचारतो. तक्ते पाठवा.